स्कूबी-डूच्या बाजातला एक मिनिट: ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस आणि लांडगामाणूस हलवायचे कसे?

पेन्सिलछाप:
‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’चा २२ नोव्हेंबर १९६९ चा ‘अ गॅगल ऑफ गॅलपिंग घोस्ट्स’ हा भाग इथल्या बहुतेकांनी कार्टून नेटवर्कवर पाहिला असेल. ट्रान्सिल्व्हेनियातून एकेक दगड आणून उभारलेला फ्रँकन किल्ला, त्यात ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस आणि लांडगामाणूस. शेवटी मुखवटा उतरतो आणि तिन्ही सोंगं एकाच बिग बॉब ओकलीची निघतात.

त्या बाजाचा साठ सेकंदांचा तुकडा ओपनटूंझ या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये करायचाय. १९२० बाय १०८०, सेकंदाला २४ फ्रेम. दोन मुलं, एक कुत्रा, तीन राक्षस, एक लांब बोळ. पात्रं स्वतःची असतील, हवाय तो त्या काळचा हलण्याचा आणि रंगांचा थाट. सध्याचे त्रास असे: राक्षस चालताना पाय जमिनीवर घसरतात, ड्रॅक्युलाचा काळा झगा अंधारात दिसेनासा होतो, आणि लांडग्याची केसाळ कड दर चित्रागणिक वळवळते. जाणकारांनी हात सैल सोडून लिहावं.

आडवा_बाण:
आधी हिशेब, सौंदर्य मागाहून. २२ मिनिटांचा भाग धरला तर ३१,६८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी एका पात्राला १५,८४० चित्रं. इथे चार मुलं, कुत्रा आणि वर भुतं. शनिवारी सकाळी नवा भाग द्यायचा असताना हे कोण काढणार? म्हणून ही मालिका काढणाऱ्या हॅना-बार्बेरा स्टुडिओचा खाक्या असा की जे हलत नाही ते पुन्हा काढायचं नाही. धड एका सेलवर (चित्र काढायच्या पारदर्शक पत्र्यावर) थिजलेलं, डोकं दुसऱ्यावर, तोंड तिसऱ्यावर. पात्र बोलत असताना फक्त तोंडाचं सेल बदलत राहतं.

यात मानेपाशी सांध्याची रेघ दिसते. ती झाकायला त्यांच्याच योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आला. आता स्कूबीची टोळी बघा. कुत्र्याला पट्टा, फ्रेडला गळपट्टा, डॅफ्नीला स्कार्फ, व्हेल्माला उंच गळ्याचा स्वेटर. ही फॅशन कमी आणि सांधेझाकणी जास्त. तुमच्या दोन मुलांनाही गळ्यापाशी काहीतरी द्या, निम्मं काम तिथेच वाचेल.

ड्रॅक्युलाची उभी कॉलर या कामाला आयतीच मिळते. फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाच्या मानेतली विजेची टोकं मात्र धडाच्या लेयरवर काढू नका, डोक्याच्या लेयरवर काढा आणि सांधा कोटाच्या कॉलरीत लपवा. नाहीतर डोकं कललं की टोकं जागच्या जागी राहतात आणि मान तुटल्यासारखी दिसते.

ओपनटूंझमध्ये कॉलम असे लावा: पाय, धड, डोकं, तोंड, डोळे. एक्सशीटमध्ये (फ्रेम आणि लेयरच्या तक्त्यात) उजवीकडचा कॉलम वर येतो, म्हणून पाय सगळ्यात डावीकडे. मग स्टेज स्कीमॅटिकमध्ये (कोण कोणाबरोबर हलतं त्या आराखड्यात) तोंड आणि डोळे डोक्याला, डोकं धडाला जोडा. पाय धडाला जोडू नका. कारण चालीवर आलो की सांगतो.

काळीपांढरी_रीळ:
चालीआधी थोडं मूळ बघू. या तिघांच्या लकबी कुठून आल्या ते कळलं की काय काढायचं आणि काय सोडायचं ते आपोआप ठरतं.

राक्षसाचे पुढे ताणलेले हात १९३१ च्या ‘फ्रँकेनस्टाइन’मधले नाहीत. त्यात राक्षस झालेला बोरिस कार्लोफ तसा चालतच नाही. १९४२ च्या ‘द घोस्ट ऑफ फ्रँकेनस्टाइन’च्या शेवटी राक्षसाची दृष्टी जाते. पुढच्या वर्षीच्या ‘फ्रँकेनस्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’मध्ये बेला लुगोसीनं तो आंधळा धरूनच केला, हातांनी चाचपडत. पण प्रदर्शनाआधी राक्षसाचे संवाद कापले, त्यात आंधळेपणाचा उल्लेखही गेला. उरले नुसते पुढे आलेले हात, आणि पुढच्या सगळ्या नकलांनी तेच उचलले. म्हणून ती चाल चाचपडण्याची आहे. पाऊल आधी पडतं, वजन मागाहून येतं. हे डोक्यात ठेवून काढा.

ड्रॅक्युलाची उभी कॉलर नाटकातली. हॅमिल्टन डीननं १९२४ मध्ये इंग्लंडात नाटक उभं केलं, त्यात ड्रॅक्युला पाठमोरा उभा राहून झग्यातून सुटायचा आणि रंगमंचातल्या चोरदारातून खाली उतरायचा. डोकं नाहीसं झालेलं प्रेक्षकांना कळू नये म्हणून कॉलर उंच. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटात लुगोसी सुळे दाखवत नाही. भीती आहे ती नजरेत, डोळ्यांवर टाकलेल्या प्रकाशाच्या बारीक झोतात. तुमच्यासाठी हे सोन्याहून पिवळं: बाकी सगळं थिजवा, फक्त डोळ्यांचा पट्टा उजळ करा. एकही जादा चित्र लागत नाही.

लांडगामाणूस म्हणजे १९४१ चा लॉन चेनी ज्युनियर, रंगभूषाकार जॅक पियर्सनं याकचे केस चिकटवून केलेला. त्याच्या अंगात शर्ट-पँट आहे. केस दिसतात ते चेहरा, पंजे आणि पावलांवर. तुम्ही अख्खं अंग केसाळ काढलं असेल तर तिथेच फसलात.

तिघांना एकत्र आणून समोर घाबरट जोडी उभी करायची, हा साचाही जुना आहे. १९४८ चा ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाइन’. शॅगी आणि स्कूबी त्याच वंशातले. १९५७ मध्ये युनिव्हर्सलचे ५२ जुने चित्रपट ‘शॉक!’ या नावाखाली अमेरिकन टीव्ही केंद्रांना दिले गेले, त्यामुळे १९६९ च्या पोरांना ही तोंडं पाठ होती. ओळख करून देण्यात एक सेकंदही घालवावा लागत नव्हता.

वटवाघूळ_पेठ:
पण ड्रॅक्युला उन्हात जळतो ना? मग शेवटी खिडकीचा पडदा सरकवून त्याला पकडता येईल की.

काळीपांढरी_रीळ:
ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या मूळ ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत तो दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, ताकद तेवढी कमी असते. सूर्यप्रकाशानं मरणं आलं १९२२ च्या ‘नोस्फेरातू’मधून. तुम्हाला वापरायचं तर वापरा, पण मुखवट्याच्या कथेत त्याचा उपयोग उलटा: पडदा सरकतो, ऊन अंगावर पडतं आणि ‘ड्रॅक्युला’ला काहीच होत नाही. मुलांना तिथेच संशय येतो.

पेन्सिलछाप:
वा, हे उचलणार. आता पाय घसरण्याचं सांगा. बोळाचं चित्र सरळ एका वेगानं पॅन केलंय (आडवं सरकवलंय), चाल दोन-दोन फ्रेमवर.

आडवा_बाण:
रोग तिथेच आहे. पाय दोन फ्रेमला एकदा हलतो आणि जमीन दर फ्रेमला. एका फ्रेममध्ये दोघांची गाठ पडते, पुढच्यात सुटते. डोळ्यांना ते घसरणं किंवा थरथर म्हणून दिसतं. दोन्ही एकाच तालावर हवेत.

राक्षसाच्या पावलाला २० फ्रेम द्या (साध्या माणसाचं पाऊल १२ फ्रेमचं). पाऊल टेकल्याचं चित्र ६ फ्रेम धरून ठेवा, ही चाचपडण्याची थबक. मग ७ चित्रं, प्रत्येकी २ फ्रेम. ६ आणि १४ मिळून २०. एकूण चित्रं ८. ढांग २०८ पिक्सेलची ठेवा, कारण टेकलेल्या चित्रापासून पुढच्या टेकलेल्या चित्रापर्यंत ८ बदल होतात आणि प्रत्येक बदलाला २६ पिक्सेल येतात. टेकलेला पाय प्रत्येक चित्रात बरोबर २६ पिक्सेल मागे काढा. अंदाजानं नको, मागच्या चित्राची सावली चालू ठेवून टाचेवर खूण करा.

आता पॅन. थबकेच्या वेळी जमीनही थांबली पाहिजे. पहिलं पाऊल फ्रेम १ ते ६ टेकलेलं. दुसरं चित्र फ्रेम ७ वर येतं. फंक्शन एडिटरमध्ये (हालचालीचे आकडे भरायच्या खिडकीत) बोळाच्या आडव्या सरकण्याला फ्रेम ५ वर ० आणि फ्रेम २१ वर २०८ द्या, मधला भाग लिनियर (एकसारख्या वेगाचा), स्टेप २ (दर दोन फ्रेमला एक बदल). म्हणजे बदल ७, ९, ११ अशा विषम फ्रेमवर पडतात, चित्रांबरोबर. बहुतेक जण की फ्रेम ६ वर ठेवतात, कारण थबक तिथे संपते. मग पॅन ८, १०, १२ वर सरकतं, पाय ७, ९, ११ वर, आणि घसरण जशीच्या तशी. पुढच्या पावलाला २१ ते २५ सपाट, २५ ते ४१ पुन्हा २०८. एकक आधी प्रेफरन्सेसमध्ये पिक्सेलवर आणा.

बोळाचं चित्र लूपमध्ये घ्यायचं असेल तर त्याची लांबी ढांगेच्या पटीत हवी. १८ ढांगा म्हणजे ३,७४४ पिक्सेल, त्यात पडद्याची रुंदी १,९२० मिळवली की ५,६६४ रुंदीचं चित्र. शेवटचे १,९२० पिक्सेल सुरुवातीच्या १,९२० ची हुबेहूब नक्कल. एक फेरी ३६० फ्रेमची, १५ सेकंदांची. चिलखत, फाटकं चित्र, मशाल अशा लक्ष वेधणाऱ्या वस्तू एका फेरीत एकच ठेवा. दोन ठेवल्यात तर पब्लिक मोजायला लागतं.

पाय धडाला जोडू नका म्हटलं त्याचं कारण आता. हात पुढे ताणलेले, म्हणजे ते चालताना झुलत नाहीत. झुलत नाहीत म्हणजे अख्खं धड एकाच चित्रात भागतं, फक्त वरखाली करायचं. दुसऱ्या चित्रावर १२ पिक्सेल खाली (वजन आलं), पाचव्यावर ६ वर, आठव्यावर पुन्हा शून्य. पाय जोडलेले असतील तर तेही वरखाली होतात आणि राक्षस तरंगतो. कोटाची खालची कड पायांवर निदान २० पिक्सेल उतरू द्या, नाहीतर धड वर गेलं की कमरेत फट दिसते. आणि दोन्ही पाय एकाच गडद रंगाचे ठेवा. मग डाव्या पावलाची आठ चित्रं उजव्यालाही चालतात. सगळी चाल ८ चित्रं अधिक एक धड. साठच्या दशकातला हिशेबनीस खूश होईल.

वटवाघूळ_पेठ:
+१. वाखु (वाचनखूण) साठवली.

चौकटीबाहेर:
एवढा गणिती खटाटोप करण्यापेक्षा चोवीसच्या चोवीस फ्रेम काढा ना, संगणक आहे की आता. मधली चित्रं सॉफ्टवेअर भरतं.

आडवा_बाण:
भरतं, आणि मग ते १९६९ चं दिसत नाही. सॉफ्टवेअरनं भरलेल्या चालीत थबक बुळबुळीत होते, सहा फ्रेम जागच्या जागी राहायच्या तिथे अंग जरा जरा सरकत राहतं. तुकड्याचा सगळा विनोद त्या थांबण्यात आहे. वेगळा बाज हवा असेल तर जरूर काढा, पण मग हा धागा तुमचा नाही.

रंगपेटी:
रंगांचं मी सांगते.

काळा झगा शुद्ध काळा ठेवायचाच नाही. आरजीबी ३४, ३०, ५२ च्या आसपासचा जांभळट काळा घ्या, आणि बोळ निळसर-हिरवट राखाडी, झग्यापेक्षा स्पष्ट उजळ. या मालिकेच्या पार्श्वभूमीची शैली वॉल्ट पेरेगॉयची. रात्र असूनही ती काळी नाही. निळ्या-जांभळ्या-हिरव्या डागांची आहे, म्हणूनच पुढची ठसठशीत पात्रं उठून दिसतात. झग्याचं अस्तर लाल ठेवाल तेव्हा ते फक्त झगा उघडल्यावर दिसू द्या. झग्याची तीन चित्रं पुरतात: मिटलेला, अर्धा, उघडा. खालची कड वरच्यापेक्षा ४ फ्रेम उशिरा पोहोचू दे, नाहीतर तो कापडाचा न वाटता पत्र्याचा वाटतो. पाय झग्याखाली झाकले की ड्रॅक्युलाला चालच लागत नाही, नुसता सरकवा. त्याला ते शोभतंही.

दुसरी गोष्ट, जी नवीन लोक हमखास विसरतात. जुन्या कार्टूनमध्ये कुठली वस्तू आता हलणार ते आधीच कळायचं. कपाटातलं एकच पुस्तक, भिंतीतला एकच दगड वेगळा, सपाट आणि जरा उजळ. कारण मागचं चित्र ब्रशनं रंगवलेलं, त्यात छटा. हलणारी वस्तू सेलवर, मागून एकसारख्या अपारदर्शक रंगानं भरलेली. तुमचा गुप्त दरवाजा मागच्या चित्रात रंगवून मग कापून हलवू नका. पात्रांसारखाच, सपाट रंगात, कडेला रेघ देऊन वेगळ्या लेयरवर काढा. जुनेपणा यातून जेवढा येतो तेवढा नंतर टाकलेल्या दाणेदार फिल्टरमधून येत नाही.

तिसरं, सेलचा थर. ॲसिटेट पूर्ण पारदर्शक नसतो, प्रत्येक जादा थर खालचा रंग किंचित मळवतो. म्हणून रंगवणाऱ्यांना थर बघून छटा बदलावी लागायची. तेवढी काटेकोर नक्कल करायची गरज नाही, पण खालच्या लेयरवरच्या पात्राला दर थरामागे दोनेक टक्के राखाडी मिसळा. सगळी पात्रं एकाच कागदावरची वाटत नाहीत.

पेन्सिलछाप:
रंगपेटीताई, दंडवत. लांडग्याची कड?

रंगपेटी:
कड वळवळते कारण दर चित्रात झुपके नव्यानं सुचतात. झुपक्यांची संख्या आणि जागा कायमची ठरवा: गालांवर दोन-दोन, हनुवटीला एक, कपाळावर एक, प्रत्येक मनगटावर तीन. आदर्श चित्राच्या कागदावर त्यांना अंक द्या आणि दर चित्रात त्याच क्रमानं काढा. झुपक्याचं बूड अंगाबरोबर, फक्त टोक एका चित्रानं मागे. मधली केसांची बारीक रेघ काढूच नका. शर्टाची बाही मनगटापर्यंत आणा, काळीपांढरी_रीळ म्हणतात ते अगदी खरं आहे. जबडा वेगळ्या लेयरवर, दोनच चित्रं: बंद आणि उघडा. त्याला संवाद नाही, गुरगुरणं आहे.

मोडी_वाचक:
एक शंका. सपाट डोक्याचा, मानेत टोकं असलेला राक्षस वापरला तर युनिव्हर्सलवाले हरकत घेतील का? कादंबरी तर १८१८ ची.

काळीपांढरी_रीळ:
मेरी शेलीची कादंबरी कोणाच्याही मालकीची नाही. तिच्यात ना सपाट डोकं आहे, ना मानेतली टोकं, ना हिरवा रंग. पिवळट कातडी, काळे लांब केस, असं वर्णन आहे. सपाट टाळू आणि टोकं ही १९३१ च्या चित्रपटासाठी पियर्सनं केलेली रंगभूषा, आणि युनिव्हर्सल ती जपून असते. अमेरिकेत त्या वर्षीच्या चित्रपटाचा हक्क ९५ वर्षांचा, म्हणजे १ जानेवारी २०२७ ला सुटतो. भारतात चित्रपटाला प्रदर्शनानंतर ६० वर्षं. पण व्हिडिओ अमेरिकन संकेतस्थळावर चढवणार असाल तर तक्रारही तिथल्या नियमानंच येईल. शिवाय ट्रेडमार्क हा वेगळा मामला, तो तारखेनं संपत नाही.

सोपा उपाय: टाळू सपाट न ठेवता तिरकी करा, टोकांऐवजी कपाळावरून कानापर्यंत शिवण, अंगाचा रंग हिरव्याऐवजी पिवळट राखाडी. जाड तळाचे बूट, आखूड बाह्यांचा कोट आणि ती चाल एवढं असलं की पोर लांबून ओळखतं. ड्रॅक्युलाच्या बाबतीत कादंबरीतली मिशी देऊन टाका, कोणी काही बोलणार नाही.

वटवाघूळ_पेठ:
ममी पण घाला हो, तिला पट्ट्या गुंडाळल्या की झालं.

काळीपांढरी_रीळ:
पट्ट्यांची कड म्हणजे लांडग्याच्या केसांचाच त्रास, दुप्पट. १९३२ च्या चित्रपटातसुद्धा कार्लोफ पट्ट्यांमध्ये जेमतेम दिसतो. फरफटत चालणारी ममी १९४० पासूनच्या चित्रपटांतली. साठ सेकंदांत तीनच ठेवा.

आडवा_बाण:
मुखवट्याचं राहिलं. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी राक्षस काढतात आणि मग त्याच्या आत माणूस कोंबतात. आधी चोर काढा. त्याच्या डोक्याच्या बाह्यरेषेवर तिन्ही मुखवटे बसवा. कथेप्रमाणे तिघं एकच असतील तर खांद्यांची रुंदी आणि हातांची लांबी तिघांची सारखी हवी. उंचीतला फरक राक्षसाच्या बुटांच्या तळांतून आणि लांडग्याच्या वाकण्यातून काढा. मग शेवटी ‘हे सगळे एकच’ म्हटल्यावर पुन्हा बघणाऱ्याला पटतं. तिघं एका फ्रेममध्ये कधीच आणू नका. लेयरही वाचतात.

मुखवटा ओढायला तीन चित्रं: हनुवटीखाली पकड, वरच्या दिशेनं ताणलेला (उंची दीडपट, रुंदी कमी), आणि हातात लोंबणारा रिकामा. ताणलेलं चित्र ४ फ्रेम धरा. चोराचा चेहरा थेट तिसऱ्या चित्राबरोबर येऊ द्या, मध्ये एका चित्रातून दुसऱ्यात विरघळणं नको.

पाठलागाचं एक पथ्य. राक्षसाचा हात कधीच कोणाला लागत नाही. १९६८ मध्ये बॉस्टनजवळ पालकांनी ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना काढली, शनिवारच्या कार्टूनमधल्या मारामारीवर तेव्हा चहूकडून टीका होत होती, आणि मालिका दाखवणाऱ्या सीबीएस वाहिनीला बिनमारामारीची मालिका हवी होती. म्हणून या राक्षसांच्या बोटांपासून मुलांच्या कॉलरीपर्यंत नेहमी वीतभर अंतर असतं. ते अंतर कमी-जास्त करत राहणं एवढाच तुमचा थरार.

पळायला सुरुवात करताना: अंग मागे झुकलेलं, पाय जागेवरच गोल फिरतात, १२ ते १६ फ्रेम, जमीन स्थिर. पायांची तीन चित्रं आलटून पालटून, एकेक फ्रेम. मग ५ फ्रेममध्ये पात्र चौकटीबाहेर आणि मागे धुळीचा पुंजका. त्या फिरण्याखाली बोंगोचा ठेका असतो, तो आधी ध्वनिमुद्रित करा आणि पाय त्याला जुळवा, उलट नको.

पेन्सिलछाप:
संवाद मराठीत आहेत. तोंडाची किती चित्रं लागतील?

रंगपेटी:
सात. आ, ए-ई, ओ, उ, मिटलेले ओठ (प, फ, ब, भ, म), खालच्या ओठावर दात (व), आणि जरा उघडं तोंड, जीभ वर (त, द, न, ल, र). बाकी व्यंजनं शेजारच्या स्वरात जिरवा, दर अक्षराला तोंड बदललंत तर ते चघळल्यासारखं दिसतं. इंग्रजीसाठी बनवलेला तयार संच घेतलात तर ‘फ’ला दात ओठावर येतील, मराठी ‘फळ’ म्हणताना ओठ मिटतात, ‘फोन’ म्हणताना बहुतेकांचे मिटत नाहीत. ध्वनिमुद्रण ऐकून ठरवा. मिटलेले ओठ निदान २ फ्रेम टिकले पाहिजेत, आणि तोंड आवाजाच्या १-२ फ्रेम आधी हलवा. राक्षसाला आ, ओ आणि मिटलेले ओठ एवढी तीनच पुरे.

चौकटीबाहेर:
आणि पाठीमागचं रेकॉर्ड केलेलं हसू? ते मूळ मालिकेत होतं.

आडवा_बाण:
होतं. घालायचं तर मोजून तीन ठिकाणी, विनोद संपल्यावर ६ फ्रेमनी सुरू आणि पुढच्या संवादाआधी उतरलेलं. बोंगोवर तर चुकूनही नको, ठेकाच ऐकू येणार नाही.